गोवालिया टँक ते माझगाव डॉक: मुंबईची विसरलेली ट्रॉलीबस

पायदान

मुंबईच्या ट्रामचा विषय निघाला की प्रत्येकाच्या काका-आजोबांचा एक तरी किस्सा बाहेर येतो. ट्रॉलीबसचं नाव काढा, निम्मे लोक ‘अशी गाडी मुंबईत होती?’ म्हणून उलट आपल्यालाच विचारतात. म्हणून हा धागा.

११ जून १९६२ रोजी बेस्टने गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर ट्रॉलीबस (डोक्यावरच्या तारांतून वीज घेऊन रबरी टायरांवर धावणारी बस) सुरू केली आणि २४ मार्च १९७१ ला बंद केली. पुरती नऊ वर्षंही नाहीत. आणि दुसरा मार्ग कधी निघालाच नाही.

टोकं बघा. गोवालिया टँक म्हणजे आपलं ऑगस्ट क्रांती मैदान. गवळी जिथे गुरं धुवायला आणायचे तो तलाव केव्हाच बुजवला गेला, नाव तेवढं राहिलं. दुसऱ्या टोकाला माझगावची गोदी, १९६० मध्ये सरकारने ताब्यात घेतलेली. ट्रॉलीबस चालू असतानाच, १९६८ मध्ये, तिथे ‘निलगिरी’ युद्धनौकेचं जलावतरण झालं. म्हणजे शहराला आडवा छेदणारा मार्ग. मुंबईत त्या काळी उभं जायला लोकल होती, आडवं जायचं तर बसशिवाय फारसं गत्यंतर नव्हतं. तेव्हा मार्ग चुकीचा निवडला असं मला तरी वाटत नाही.

तारखांची एक गंमत. एके काळी जगातलं सर्वांत मोठं ट्रॉलीबसचं जाळं लंडनचं होतं, भर ऐन काळात अठराशेवर गाड्या. ते जाळं लंडनने टप्प्याटप्प्याने गुंडाळलं आणि शेवटची गाडी धावली ८ मे १९६२ ला. त्यानंतर पाच आठवड्यांत आपली पहिली सुरू! जत्रा उठली तेव्हा आपण दुकान मांडलं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग खुशाल फाडा. ही गाडी तंत्रामुळे मेली नाही, एकटी होती म्हणून मेली. तारा, सबस्टेशन, तारा दुरुस्त करायची मचाणाची गाडी, ते काम येणारी माणसं, सुटे भाग... दहा मार्ग असोत की एक, हा पसारा ठेवावाच लागतो. इथे सगळा खर्च एका मार्गाच्या डोक्यावर.

शंकासूर

धागा झकास. पण आधी अडाण्याला सांगा, ट्राम आणि ट्रॉलीबस यात नेमका फरक काय? ट्रामला वरती एकच दांडी दिसते फोटोत, हिला दोन का?

वायरमन

हा प्रश्न माझा. उभी नोकरी डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) तारांखाली गेली (बसच्या नाही, रेल्वेच्या), त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

विजेला यायला एक वाट लागते, परत जायला दुसरी. ट्राममध्ये वीज वरच्या तारेतून येते, मोटरमधून जाते आणि लोखंडी चाकांतून रुळात उतरून परत जाते. रूळ हीच परतीची वाट. ट्रॉलीबसला रबरी टायर. खाली रस्ता, डांबर. परत जायला वाट नाही. म्हणून वरती दोन तारा, एक जाण्याची, एक येण्याची, आणि टपावर दोन दांड्या. दांडीच्या बुडाशी स्प्रिंग असते, ती दांडीला वर दाबून धरते. टोकाला खोबण असलेला बूट आणि त्यात कार्बनचा तुकडा. हा कार्बन तारेवर घासत जातो. झिजायचं ते कार्बनने, तारेने नाही, कारण तुकडा बदलायला मिनिटं लागतात आणि तार बदलायची तर रस्ता अडवावा लागतो. पावसात कार्बन जास्त झिजतो हे सांगायला नकोच.

रूळ नसल्यामुळे गाडी तारेच्या बरोबर खालीच राहायला हवी असं नाही, दोन्ही बाजूंना चारेक मीटर सरकू शकते. रस्त्यात बंद पडलेल्या हातगाडीला वळसा घालता येतो, थेट फुटपाथला लागून थांबता येतं. ट्राममध्ये रस्त्याच्या मधोमध उतरावं लागायचं. पण पुढची ट्रॉलीबस त्याच तारांवर असेल तर तिला ओलांडता येत नाही. पुढची अडली की मागच्या सगळ्या अडल्या.

आता खरी गोम. टायर रबरी म्हणजे सगळी गाडी जमिनीपासून तोडलेली. आत कुठे गळती होऊन बॉडीत वीज उतरली तर बसलेल्यांना काहीच कळत नाही. पण एक पाय ओल्या रस्त्यावर आणि हात दांड्याला, असा चढणारा माणूस स्वतःच परतीची वाट होतो. म्हणून ट्रॉलीबसमध्ये दुहेरी इन्सुलेशन लागतं, पायऱ्या आणि धरायचे दांडे वेगळे करावे लागतात, आणि आगारातून निघण्याआधी गळती मोजावी लागते. मुंबईसारख्या चार महिने भिजणाऱ्या, खाऱ्या हवेच्या गावात हे काम रोजचं. पायदान, तुमच्या ‘पसाऱ्या’त हेही धरा.

पायदान

धरलं! @वायरमन, याचसाठी तुमची वाट बघत होतो.

लोणीधपाटे

म्हणजे गोदीत कामगारांच्या आधी बसच दांडी मारायची म्हणा की :)

जुना माझगावकर

लोणीधपाटे, विनोद चांगला आहे पण खरंच तसं व्हायचं. आम्ही मुलं असताना वळणावर ते बघायला उभे राहायचो. गाडी वळताना जरा जोरात घेतली किंवा खड्ड्यात आदळली की दांडी तारेवरून सुटायची आणि सटकन वर जायची. मोटर बंद. गाडी मुकाट घरंगळत थोडी पुढे जाऊन उभी. मग गाडीवरच्या माणसाने खाली उतरून, मागे जाऊन, मान वर करून दांडी पुन्हा तारेला लावायची. सोपं वाटतं, पण दोन दांड्या, दोन तारा, डोळ्यांवर ऊन आणि मागे टॅक्सीवाल्यांचे हॉर्न. आम्ही पोरं खालून ‘डावीकडे, डावीकडे’ ओरडायचो. त्यावर मिळणारी उत्तरं इथे लिहिण्यासारखी नाहीत.

वडील गोदीत होते. त्यांना ट्रॉलीबसची एकच तक्रार: येताना ऐकू येत नाही. डिझेलची बस कोपऱ्यावर असली तरी घरात कळायचं, चहा संपवून माणूस खाली उतरायचा. ही अगदी थांब्यावर आली तरी पत्ता नाही. आईला मात्र तीच आवडायची. तिला डिझेलच्या वासाने मळमळायचं.

पावसाळ्यात संध्याकाळी तारांच्या जोडावर निळी ठिणगी उडायची. ती बघायला गॅलरीत गर्दी.

वायरमन

जोडावर ठिणगी उडते ती बहुतेक चालकाने पाय उचलला नाही म्हणून. तारांचे विभाग पाडलेले असतात आणि दोन विभागांच्या मध्ये थोडी जागा निर्विद्युत. तिथे पेडल सोडून गाडी नुसती वाहू द्यायची असते. नवीन चालक विसरतो, आणि गॅलरीतल्यांची करमणूक होते.

गणिती

पायदान, तुमचं ‘एकटी म्हणून मेली’ हे ऐकायला छान आहे, पण वर्षं नीट जुळवा. १९६२ मध्ये ती एकटी नव्हतीच. ट्राम होती! ट्रामही डीसीवर, ही पण डीसीवर. खांब, फीडर (तारांपर्यंत वीज आणणाऱ्या वाहिन्या), तारांवर चढणारी माणसं, बेस्टकडे हे सगळं १९०७ पासून, म्हणजे विजेची ट्राम आली तेव्हापासून होतं. बेस्टच्या नावातच वीजपुरवठा आहे. तेव्हा १९६२ चा निर्णय मला तरी शहाणपणाचा वाटतो: रूळ उखडतील, पण विजेची यंत्रणा वापरात राहील.

घोटाळा १९६४ मध्ये झाला. ३१ मार्चला शेवटची ट्राम गेली आणि तिच्याबरोबर खर्चातली वाटणीदार गेली. त्यानंतर तारांचा खर्च उचलायला हा एकच मार्ग उरला. माझा हा तर्क आहे, कागद हातात नाही. पण तुमच्या वाक्यात एवढी दुरुस्ती करा: ती एकटी जन्मली नव्हती, एकटी पडली.

पायदान

ही दुरुस्ती मान्यच आहे, उलट त्याने माझा मुद्दा घट्ट होतो. फक्त एक विचारतो. ट्राम जाणार हे १९६२ मध्ये बेस्टला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? मार्गांमागून मार्ग बंद होतच होते. मग तेव्हाच चार-पाच मार्ग तारांवर घ्यायचे होते, नाहीतर एकही नको. एकावर प्रयोग करून बघू आणि मग ठरवू, ही आपली जुनी सवय. काही गोष्टी एकावर करून बघता येत नाहीत.

उत्तरवाहिनी

नव्वदच्या दशकात नोकरीनिमित्त काठमांडूत होतो, तिथली ट्रॉलीबस रोजची. त्रिपुरेश्वर ते भक्तपूरजवळचं सूर्यविनायक, १३ किलोमीटर, चीनच्या मदतीने बांधलेली. २८ डिसेंबर १९७५ ला सुरू झाली, गाड्या शांघायच्या, बावीस. हाही एकच मार्ग, आणि सुरुवातीची वर्षं तो उत्तम चालला. पायदान, याचं काय करायचं?

सकाळी भक्तपूर-ठिमीकडून येणारी गाडी म्हणजे चालता बाजारच. भाजीने भरलेल्या, माणसाच्या डोक्याएवढ्या उंच ‘डोको’, म्हणजे पाठीवरच्या टोपल्या, मध्ये माणसं कुठे तरी. तीन-चार जण दारात. पण चढावर गाडी कुरकुर न करता निघायची. शेजारून विक्रम टेम्पो काळा धूर ओकत जायचे, १९९९ मध्ये ते खोऱ्यातून हद्दपार झाले.

गाडी बसली ती वेगळ्याच कारणांनी. महामंडळात माणसं गरजेपेक्षा जास्त, सुटे भाग मिळेनात, वीजबिल थकलेलं. १९९७ मध्ये दहा नव्या गाड्या घेतल्या तरी २००१ च्या डिसेंबरात बंद. २००३ मध्ये पुन्हा सुरू केली, पण त्रिपुरेश्वर ते कोटेश्वर एवढीच, मूळ मार्गाचा तुकडा. तीही २००८ मध्ये थांबली. त्याच हिवाळ्यात नेपाळात दिवसाला सोळा-सोळा तास भारनियमन होतं. नंतर भक्तपूरचा रस्ता रुंद झाला आणि तारा-खांब गेले.

पायदान

याचं असं करायचं की भक्तपूर मार्गाला हक्काची गर्दी होती आणि पैसे देणारा पाहुणा होता. पाहुणा गेल्यावर घरच्यांनी काय केलं ते तुम्हीच लिहिलंत. आणि आखूड तुकडा चालवायचा म्हणजे माझ्याच मुद्द्याचा कळस: खर्च तोच, प्रवासी निम्मे. भक्तपूरचा माणूस कोटेश्वरला उतरून गाडी कशाला बदलेल?

उत्तरवाहिनी

हे मात्र खरं. कोटेश्वरला बदलायची म्हटल्यावर मीसुद्धा मायक्रोबस धरली असती.

बे एरियाकर

इथे सॅन फ्रान्सिस्कोत ट्रॉलीबस आजही सर्रास आहे, एकदोन नाही, चांगले डझनभर मार्ग. कारण एकच: चढ. २४ नंबरच्या मार्गावर २२.८ टक्क्यांचा चढ आहे, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना जवळजवळ तेवीस मीटर वर. भरलेली गाडी मध्येच थांबते आणि पुन्हा निघते, मागे न सरकता. विजेची मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावते, डिझेलला तो जोर यायला इंजिन आधी पिळावं लागतं. शिवाय उतरताना मोटरच जनित्र होते आणि वीज तारेत परत जाते, तीच वर चढणाऱ्या दुसऱ्या गाडीला मिळते. वीज येते शहराच्या स्वतःच्या ‘हेच हेची’ नावाच्या जलविद्युत प्रकल्पातून.

म्हणून विचारतो, मुंबईत चढ कुठे होता? माझगावची टेकडी आहे, पण बस काही तिच्यावर चढत नव्हती. सपाट गावात ट्रॉलीबसचा सर्वांत मोठा गुण वायाच.

जुना माझगावकर

चढ नाही कसे? रेल्वेचे रूळ कुठूनही ओलांडायचे तर पुलावर चढावंच लागतं. तुमच्याएवढे नसतील, पण भरलेली डिझेलची लेलँड बस तिथे कशी धापा टाकायची ते मी ऐकलंय.

लोणीधपाटे

आणि आज तारा असत्या तर लालबाग-परळच्या मंडळांनी मूर्तीची उंची कुठून मोजली असती, तारेखालून की वरून? विसर्जनाच्या दिवशी तारा उचलायला बेस्टचा माणूस बांबू घेऊन पुढे!

गणिती

लोणीधपाटे, हसू नका, १९७१ मध्ये हा मुद्दा नसेलही, पण आज कुणी प्रस्ताव मांडला तर पहिल्या सभेत हाच निघेल.

मला डिझेलबद्दल लिहायचं होतं. १९७१ मध्ये हिशोब मांडणाऱ्यासमोर डिझेल स्वस्त होतं आणि ते महाग होईल असं वाटायला काही कारण नव्हतं. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि काही महिन्यांत कच्चं तेल चौपट झालं. मार्ग अजून तीन वर्षं तगला असता तर कदाचित बंद करणाऱ्याचा हात थबकला असता. पण तोवर तारा उतरल्या होत्या. ट्रॉलीबसचं हेच वाईट, बंद करायला एक आदेश पुरतो, पुन्हा सुरू करायला शून्यापासून.

शंकासूर

म्हणजे एकट्या मार्गाची ट्रॉलीबस जगात कुठेच टिकलेली नाही का? पायदानांचा नियम अगदी अपवादाशिवाय?

पायदान

अपवाद आहे, आणि तो लपवून ठेवणार होतो :) चिलीतलं वालपराइसो. समुद्र आणि डोंगर यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत एक मार्ग. तिथे ट्रॉलीबस ३१ डिसेंबर १९५२ पासून. अमेरिकन पुलमन-स्टँडर्ड कंपनीच्या १९४६ ते १९५२ मधल्या गाड्या. नियमित सेवेतल्या जगातल्या सर्वांत जुन्या ट्रॉलीबस त्याच. पुढे स्वित्झर्लंडमध्ये निवृत्त झालेल्या गाड्याही आणल्या. कंपनी अनेकदा बुडता बुडता वाचली. मग २००३ मध्ये त्या पुलमन गाड्यांनाच सरकारने राष्ट्रीय स्मारक ठरवलं.

तेव्हा नियम असा म्हणा: एकटा मार्ग हिशोबावर टिकत नाही, गावाच्या हट्टावर टिकतो. वालपराइसोत लोकांना ती आपल्या गावाची ओळख वाटते. मुंबईत हा हट्ट ट्रामच्याही वाट्याला आला नाही, तर नऊ वर्षांच्या पोरीला कोण विचारतो!

बे एरियाकर

एकट्या मार्गाचा अजून एक: क्रिमियात सिम्फेरोपोल ते याल्टा, ८६ किलोमीटर, जगातला सर्वांत लांब. वाटेत ७५२ मीटर उंचीची खिंड. पहिला टप्पा आलुश्तापर्यंत १९५९ मध्ये, याल्टापर्यंत १९६१ मध्ये. म्हणजे आपल्याच वेळची.

पायदान

हो, पण त्याला दोन्ही टोकांना शहरातल्या तारा आहेत, त्यामुळे एकटा धरत नाही. पळवाट काढतोय असं वाटेल, वाटू दे.

मीटरवाचक

आता थोडं आजचं. बेस्टच्या बॅटरीवरच्या बस मुंबईत फिरतायत, विजेची डबलडेकरही आली. मग हा विषय इतिहासजमाच का? बॅटरीने तारेची गरज संपवलीच की.

वायरमन

पूर्ण संपवली नाही. बॅटरीची बस टनावारी वजन वाहते आणि चार्जिंगला उभी राहते तेवढा वेळ प्रवासी नेत नाही. प्रागमध्ये बघा. तिथे १९७२ मध्ये ट्रॉलीबस बंद झाली होती, ती २०१७ मध्ये परत आली, पण वेगळ्या रूपात. पहिल्या मार्गावर तारा मुख्यतः चढाच्या रस्त्यावर. गाडी तिथे दांड्या लावून चढते, चढता चढता बॅटरी भरून घेते, आणि वर पोचल्यावर दांड्या खाली, पुढे बॅटरीवर. दांड्या लावायला चालकाने उतरायचं नाही, ठरलेल्या थांब्यावर तारेला पन्हाळीसारखा आडोसा असतो, बटण दाबलं की दांड्या त्यातून सरकत तारेवर बसतात. जुन्या माझगावकरांच्या पोरांची करमणूक गेली.

पायदान, यात तुमचा ‘पसारा’ बराच आटोपतो. चौक, वळणं, जोड, म्हणजे जिथे तारा महाग पडतात आणि दांड्या सुटतात, ती ठिकाणं बॅटरीवर काढायची. सरळ रस्त्यावर तार.

मीटरवाचक

हे माहीत नव्हतं. म्हणजे मुंबईत पूर्व द्रुतगती मार्गावर तार टाकायची आणि गल्लीबोळात बॅटरी?

वायरमन

तत्त्वतः हो. द्रुतगती मार्गावर गाडीला सुसाट जाता यायला हवं ही दुसरी गोष्ट, आणि सायनच्या आसपास ते कधी जमतं तुम्हीच सांगा.

शंकासूर

काही अवशेष उरलेत का बघायला? गोवालिया टँकजवळ एखादा खांब तरी?

पायदान

रस्त्यात शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. ट्रामचे रूळ जमिनीत पुरलेले, त्यामुळे रस्ता खणला की ते अजून डोकं वर काढतात, २०१७ मध्ये फ्लोरा फाउंटनपाशी निघाले तसे. ट्रॉलीबसचं जे काही होतं ते डोक्यावर. तार काढून तांबं विकलं, खांब दिव्याला लावला, संपलं. म्हणून ट्राम आठवते आणि ही नाही, असंही असेल.

वडाळ्याला आणिक आगारात बेस्टचं संग्रहालय आहे. जुनी तिकिटं, तिकिटाची यंत्रं, गाड्यांच्या प्रतिकृती. जायच्या आधी फोन करून वेळ विचारा, आणि ओळखपत्र बरोबर ठेवा, आगाराच्या दारावर विचारतात.

लोणीधपाटे

मी येतो. येत्या शनिवारी कोण कोण? जुने माझगावकर आले तर खालून ‘डावीकडे, डावीकडे’ ओरडायला मजा येईल.

जुना माझगावकर

गुडघे साथ देतील तर येईन. वायरमनना आणा, नाहीतर यंत्रांसमोर नुसते उभे राहाल.

वायरमन

शनिवार जमेल. अकराच्या आत भेटा, नंतर ऊन होतं.